ओएलईडी टीव्ही, मोबाइल आणि गाडीचे मागचे दिवे : या चुका टाळा

ओएलईडी पडद्याची तक्रार घेऊन गेलं की दुकानात बहुतेकदा एकच उत्तर मिळतं : "पॅनेल गेलंय." कधी ते खरं असतं. पण पुष्कळदा पॅनेल धडधाकट असतं आणि दोष असतो वापराच्या सवयीत, जोडणीच्या पट्टीत किंवा सर्किटमध्ये. कधी तर दोष नसतोच. पॅनेल बदलायचं म्हणजे टीव्हीच्या निम्म्याहून जास्त किंमत जाऊ शकते, म्हणून आधी नीट तपासायला हवं.

तपासणीआधी दोन गोष्टी पक्क्या ध्यानात घ्या. एलसीडीत मागचा बॅकलाइट सगळ्या पडद्याला उजेड पुरवतो. ओएलईडीत प्रत्येक उपपिक्सेल, म्हणजे पडद्यावरच्या एका ठिपक्यातला एका रंगाचा भाग, हा स्वतंत्र दिवा असतो, आणि जो जास्त जळतो तो लवकर मंदावतो. दुसरी गोष्ट, हा उजेड देणारे सेंद्रिय (कार्बनी संयुगांचे) थर सगळे मिळून साधारण १०० ते २०० नॅनोमीटर जाडीचे असतात. १९८७ साली ईस्टमन कोडॅकमध्ये चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दहा व्होल्टपेक्षा कमी दाबावर चालणारी अशी पातळ थरांची रचना जगापुढे मांडली. तेव्हापासून आजपर्यंत या थरांचे शत्रू तेच आहेत : ओल, प्राणवायू आणि उष्णता. खालच्या बहुतेक बिघाडांचं मूळ याच दोन गोष्टींत आहे.

रात्री भिंतीवरचं बटण बंद करणं

आपल्याकडची ही सर्वांत महागात पडणारी सवय. वीज वाचावी, पावसाळ्यात विजेपासून टीव्ही वाचावा, या चांगल्या हेतूनेच ती लागलेली असते. पण ओएलईडी टीव्हीचं रोजचं देखभालीचं काम टीव्ही "बंद" झाल्यावर सुरू होतं. एलजीच्या टीव्हीत एकूण चार तास पाहून झालं की, रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये टीव्ही आपणहून पॅनेल तपासतो. प्रत्येक उपपिक्सेलमागे एक ट्रान्झिस्टर असतो आणि वापराने त्याचं चालू होण्याचं व्होल्टेज हळूहळू सरकतं. ते मोजून टीव्ही दुरुस्तीचे आकडे साठवतो. काम काही मिनिटांचंच असतं, पण भिंतीवरचं बटण बंद असेल तर ते होतच नाही. महिनोन् महिने असं चाललं की गडद करड्या दृश्यांत उभे पट्टे दिसू लागतात, चॅनेलच्या लोगोची सावली रेंगाळते, आणि मग "पॅनेल गेलं" असा निकाल लागतो.

यावर उपाय फुकट आहे. टीव्ही रिमोटनेच बंद करा आणि प्लग चालू राहू द्या. स्टँडबायला वीज अर्ध्या वॅटच्या आसपास लागते. विजांचा कडकडाट असेल तर रिमोटने बंद करून वीसेक मिनिटं थांबा, मग प्लग काढा. पट्टे आधीच दिसत असतील तर चार-पाच दिवस याच शिस्तीने वापरा आणि मगच तंत्रज्ञाला बोलवा.

याच्या उलटची चूकही होते. मेनूमध्ये "पिक्सेल रिफ्रेशर" किंवा "पॅनेल रिफ्रेश" नावाची सुमारे तासाभराची मोठी प्रक्रिया असते. ती दर महिन्याला चालवली की पडदा नव्यासारखा राहतो, असा समज आहे. तो चुकीचा आहे. सोनीच्या सूचनेप्रमाणे ही प्रक्रिया वर्षातून एकदाच आणि डाग ठळक दिसत असेल तरच करायची, कारण तिने पॅनेलच्या आयुष्यावर परिणाम होऊ शकतो. खोलीचं तापमान १० ते ४० अंशांच्या दरम्यान हवं; विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी ती लावू नका. मध्येच पडद्यावर पांढरी रेघ दिसली तर घाबरून प्लग ओढू नका, ती प्रक्रियेचाच भाग आहे.

तात्पुरती सावली आणि कायमचा डाग यांत गल्लत

दोन्ही दिसायला सारखे, उपचार मात्र वेगळे. ओळखण्यासाठी पूर्ण पडद्यावर एकरंगी चित्रं लावा : आधी ५ टक्के करडा, मग ५० टक्के करडा, मग लाल, हिरवा, निळा आणि पांढरा. खोलीत अंधार करा. तासभर बदलती दृश्यं पाहिल्यावर सावली गेली तर ती तात्पुरती. रोजची छोटी तपासणी दोन-तीनदा होऊनही ती जागची हलत नसेल, तर तिथले उपपिक्सेल इतरांपेक्षा जास्त झिजले आहेत.

कोणत्या रंगात डाग दिसतो, यावरून कारण कळतं. फक्त लाल पडद्यावर खालच्या बाजूला आडवी पट्टी दिसत असेल, तर तो दिवसभर चालणाऱ्या वृत्तवाहिनीच्या लाल पट्टीचा परिणाम. कॉम्प्युटरला जोडलेल्या मॉनिटरवर तळाची टास्कबार दिसते. मोबाइलवर वरची बॅटरीची आणि नेटवर्कची चिन्हं, तर कीबोर्डच्या जागी निळा झिजल्यामुळे पिवळट झाक. लाल, हिरवा आणि निळा या तिन्हींत निळ्या उत्सर्जकाचं, म्हणजे निळा उजेड देणाऱ्या पदार्थाचं, आयुष्य सर्वांत कमी असतं. त्याच्या प्रकाशकणाची ऊर्जा जास्त, त्यामुळे त्याच्या रेणूंतले बंध तुटण्याची शक्यताही जास्त.

झीज झालेला डाग "घालवणारे" रंग चमकवणारे व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर आहेत. रात्रभर ते लावून ठेवणं म्हणजे उरलेला चांगला पडदाही झिजवणं. कायमचा डाग जात नाही. फक्त पुढची झीज कमी करता येते. ब्राइटनेस ५० ते ६० टक्क्यांवर आणा, लोगो मंद करण्याची आणि पडदा किंचित सरकवण्याची सोय चालू ठेवा, टास्कबार आपोआप लपवा. ब्राइटनेसचा हिशेब सरळ प्रमाणात चालत नाही. उजेड दुप्पट केला की आयुष्य निम्मं होत नाही, ते सर्वसाधारणपणे एक-तृतीयांश ते एक-चतुर्थांशावर येतं.

मोबाइलमध्ये : हिरवी रेघ, काळा डाग आणि नकली कॉम्बो

पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक सरळ हिरवी किंवा गुलाबी रेघ आली, तर सेंद्रिय थर खराब झाले असं समजू नका. एका ओळीला डेटा नेणारी वाहिनी किंवा पॅनेलच्या कडेला चिकटवलेली ड्रायव्हरची (पडदा चालवणाऱ्या चिपची) लवचिक पट्टी सैल झालेली असते. फॅक्टरी रिसेट करून ती जात नाही, डेटा मात्र जातो. सॉफ्टवेअर अपडेटनंतर रेघ आली असेल तर आधी कंपनीच्या अधिकृत केंद्रात विचारा. काही मॉडेलांसाठी वॉरंटी संपल्यावरही पडदा मोफत बदलून दिला गेला आहे. बाहेर एकदा फोन उघडला की तो हक्क जातो.

कोपऱ्यातून शाईसारखा काळा डाग पसरत असेल, कडेला जांभळी छटा असेल, तर मात्र तो खरा बिघाड. पडल्यामुळे आतलं सीलबंद आवरण तडकलेलं असतं. या आवरणातून चौरस मीटरमागे दिवसाला एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहून जास्त बाष्प आत जाऊ नये, असा निकष सर्वसाधारणपणे धरला जातो. इतकी काटेकोर सीलबंदी एकदा फुटली की कोकणातल्या जुलैच्या हवेत डाग दिवसागणिक वाढतो. फक्त वरची काच बदलण्यात पैसे घालू नका. आधी, आजच, बॅकअप घ्या.

पडदा बदलताना सर्वाधिक फसवणूक कॉम्बोमध्ये, म्हणजे पडदा आणि टचची काच एकत्र असलेल्या सुट्या भागात, होते. बाजारात तीन प्रकार मिळतात : "इनसेल" म्हणजे साधा एलसीडी, "हार्ड ओएलईडी" म्हणजे काचेवर बनवलेला, आणि "सॉफ्ट ओएलईडी" म्हणजे प्लॅस्टिकवर बनवलेला, मूळ पडद्याच्या जवळचा. दुकानातच तपासा. पूर्ण काळं चित्र लावा, ब्राइटनेस शंभरावर न्या आणि दोन्ही हातांची ओंजळ करून पडदा झाका. बोटांच्या आत राखाडी उजेड दिसला तर तो एलसीडी. दुसरी खूण : पडद्याखालचा ऑप्टिकल फिंगरप्रिंट अचानक बंद पडतो. बोटावर उजेड टाकण्याचं काम ओएलईडीच करतो आणि परतणारा उजेड पॅनेलमधून खालच्या सेन्सरपर्यंत पोचतो. एलसीडीचा बॅकलाइट ती वाटच अडवतो, त्यामुळे सेटिंग बदलून काही होत नाही.

कमी ब्राइटनेसवर दुसऱ्या कॅमेऱ्यातून पडद्यावर सरकते पट्टे दिसणं हा दोष नाही. उजेड झपाट्याने चालू-बंद करून मंद करण्याची ती पद्धत आहे.

गाडीचे मागचे दिवे

२०१६ च्या सुमारास बीएमडब्ल्यू एम४ जीटीएस आणि ऑडी टीटी आरएस यांच्यापासून ओएलईडी मागच्या दिव्यांत आला. २०२० च्या ऑडी क्यू५ मध्ये एका दिव्यात तीन पॅनेल आणि प्रत्येकात सहा स्वतंत्र भाग असा डिजिटल ओएलईडीचा पर्याय मिळाला. सिग्नलला उभं असताना एरवी बंद असलेले भागही अचानक पेटले, म्हणून लोक वायरिंग तपासायला देतात. मागून येणारी गाडी दोन मीटरच्या आत आली की सगळे भाग उजळावेत, अशी त्यात मुद्दाम केलेली सोय आहे. वायरिंगला हात लावू नका. शिवाय ओएलईडी हा पर्याय असल्याने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीत साधा एलईडी दिवा असू शकतो. सुटा भाग मागवताना चॅसी क्रमांकावरूनच मागवा.

ओएलईडी पट्टीलाच ब्रेक लाइट करू पाहणं ही मॉडिफिकेशनमधली धोकादायक चूक. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ७ मध्ये मागच्या पार्किंग दिव्याला किमान ४ कँडेला (उजेडाच्या तीव्रतेचं एकक), तर ब्रेक दिव्याला किमान ६० कँडेला लागतात. २० चौरस सेंटिमीटरचं पॅनेल चौरस मीटरमागे २,००० कँडेलाने उजळलं तर समोरून बरोबर ४ कँडेला मिळतात, तेही बाहेरच्या काचेतलं नुकसान न धरता. तेवढ्याच पॅनेलमधून ब्रेकसाठी ३०,००० ची पातळी लागेल. पॅनेल तापेल आणि त्याचं आयुष्य साठाव्या हिश्श्याहूनही खाली येईल. म्हणूनच क्यू५ मध्येही ब्रेक आणि इंडिकेटर एलईडीचेच आहेत.

अॅक्सेसरीच्या दुकानातली "ओएलईडी लूक" पट्टी बहुधा एलईडी आणि त्यावर उजेड पसरवणारं दुधी झाकण असते. मोबाइल कॅमेऱ्याचं एक्स्पोजर अगदी खाली आणून तिरकं पाहा. ठिपके दिसले तर एलईडी. खरं पॅनेल शेवटपर्यंत एकसारखं दिसतं, जाडीला एक-दीड मिलिमीटर असतं आणि बंद असताना बहुधा आरशासारखं चकाकतं.

खरं पॅनेल बसवत असाल तर ते थेट बॅटरीला किंवा स्थिर व्होल्टेजच्या सप्लायला जोडू नका. ओएलईडीला स्थिर करंट हवा. गाडीचा सप्लाय ९ ते १६ व्होल्ट हिंडतो आणि व्होल्टेज जरा वाढलं तरी करंट खूप वाढतो. दोन पॅनेल एकाच ड्रायव्हरवर (करंट स्थिर ठेवणाऱ्या सर्किटवर) समांतर जोडणंही चूक : जे जरा जास्त तापतं त्याचं व्होल्टेज उतरतं, ते जास्त करंट ओढतं, आणखी तापतं. प्रत्येकाला वेगळा चॅनेल द्या. थंडीत आणि वयोमानाने व्होल्टेज चढतं, म्हणून ड्रायव्हरमध्ये वरच्या बाजूला जागा ठेवा. नाहीतर हिवाळ्याच्या पहाटे दिवा मंद पेटेल आणि पॅनेल बदललं जाईल. पॅनेल काचेचं असेल तर स्क्रूने आवळू नका, दुहेरी टेपने सपाट धातूच्या पट्टीवर बसवा, म्हणजे उष्णताही सारखी पसरते.

बसवल्याच्या दिवशी ठरावीक करंटला, गाडी सावलीत असताना, पॅनेलवरचं व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. पुढे तक्रार आली की त्याच करंटला पुन्हा मोजा. आकडा हळूहळू चढला असेल तर वय झालंय. एकदम पडला असेल तर आत शॉर्ट आहे. सगळा करंट त्या एका ठिकाणी जाऊन काच तापते, तेव्हा पॅनेलची जोडणी लगेच तोडा.