स्पार्क प्लग नवे, तरी घाटात झटके? प्लग आणि प्लग वायर बदलताना या चुका टाळा

राजवाड्याच्या गर्दीत गाडी गुपचूप चालते, आयडलिंगही शांत. यवतेश्वरचा घाट लागला की दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर मिसिंग (ठिणगी चुकल्याने बसणारे झटके) सुरू! साताऱ्यात पावसाळा लागला की ही तक्रार हमखास ऐकू येते, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांचे प्लग नुकतेच बदललेले असतात.

घाटातच का? चढावर अॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल जास्त भरतं आणि दाब वाढतो. दाब वाढला की प्लगच्या दोन टोकांमधल्या तेवढ्याच गॅपमधून ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. ठिणगीसाठी व्होल्टेज बनवणारी कॉइल ते द्यायला तयार असते, पण वायरला किंवा तिच्या टोकाच्या, प्लगवर बसणाऱ्या कॅपच्या रबराला बारीक तडा असेल, तर करंट प्लगपर्यंत न जाता वाटेतच इंजिनच्या धातूकडे पळतो. त्यात कासच्या बाजूचं धुकं आणि पावसाची ओल म्हणजे त्याला आयती वाट. त्यामुळे सपाटीवर चक्कर मारून ‘झालं काम’ म्हणायचं नाही. गाडी घाटात नेऊन बघायची.

प्लग नवे, वायर जुन्याच

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. काढलेल्या प्लगचा पांढरा चिनीमातीचा भाग उजेडात धरून फिरवून बघा. वरच्या टोकापासून खालच्या धातूपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी आत पडण्याऐवजी बाहेरून उतरत होती. आता त्याच प्लगवरचा कॅप उलटा करून आत टॉर्च मारा. रबरावर तशीच रेघ सापडते. ही रेघ कार्बनची असते आणि कार्बनमधून वीज जाते. म्हणून त्याच कॅपमध्ये नवा कोरा प्लग घातला, तरी करंट पुन्हा जुन्याच वाटेने उतरतो आणि थोड्याच दिवसांत नव्या प्लगवरही रेघ उमटते. अशा वेळी वायरचा पूर्ण सेट बदलायचा. एकच वायर बदलून पैसे वाचत नाहीत, बाकीच्याही त्याच वयाच्या असतात.

मात्र चिनीमातीवर धातूला लागून तपकिरी कडं दिसलं तर घाबरू नका. जास्त व्होल्टेजमुळे तेलकट धूळ तिथे चिकटते, एवढंच. ‘प्लगमधून गॅस लीक होतोय’ असं म्हणून चांगले प्लग फेकायला लावणारे भेटतात.

वायर धरून ओढणं

या वायरमध्ये बहुतेक वेळा तांब्याची तार नसते, कार्बन मुरवलेला धागा असतो. वायर धरून हिसका मारला की तो आतल्या आत तुटतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. कॅप धरायचा, आधी डावी-उजवीकडे थोडा फिरवून सैल करायचा, मग सरळ वर काढायचा. बसवताना आतल्या कडेला थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं, तर पुढच्या वेळी कॅप चिकटत नाही आणि ओलही आत शिरत नाही. साधं चाकाचं ग्रीस इथे लावू नका, रबर फुगतं.

चारही वायर एकदम काढणं ही दुसरी घाई. एक काढा, तिथली नवी बसवा, मग पुढची. बऱ्याच चार सिलिंडरच्या गाड्यांत कॉइलची एक जोडी १ आणि ४ ला, दुसरी २ आणि ३ ला ठिणगी देते. तिथे १ आणि ४ ची अदलाबदल झाली तरी गाडी बिनतक्रार चालते, पण १ आणि २ ची झाली तर खोकत बसते, नाहीतर सुरूच होत नाही. प्लग बदलल्यावर गाडी सुरूच होईना, तर पहिला संशय इथे घ्या. जुन्या डिस्ट्रीब्युटरवाल्या (एकाच कॉइलची ठिणगी फिरवून सगळ्या प्लगना वाटणाऱ्या) गाडीत एकही अदलाबदल चालत नाही.

गरम इंजिन, न झाडलेला खड्डा

प्लग ज्यात बसतात ते इंजिनचं हेड अॅल्युमिनियमचं असतं. गरम असताना प्लग खोलायला गेलात तर आटे प्लगबरोबर बाहेर येऊ शकतात. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी उघडावी. प्लग सैल करण्याआधी तो बसतो त्या खड्ड्यात हवा मारा. ऊसतोडीच्या दिवसांत इथल्या रस्त्यांवरून फिरलेल्या गाडीत काय काय साठलेलं असतं ते दिसेलच. प्लग निघाल्यावर ते सगळं थेट सिलिंडरमध्ये पडतं.

पान्यानेच सुरुवात

नवा प्लग आधी हातानेच फिरवायचा. खड्डा खोल असेल तर पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या टोकावर बसवून फिरवा. आटे तिरके लागले तर पाइप नुसता घसरतो, प्लग फिरत नाही. पाना मात्र ते तिरके आटेच कापत आत जातो, आणि मग हेड खोलायची वेळ येते.

वॉशर असलेला नवा प्लग हाताने टेकला की पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बुडाच्या प्लगला एक-सोळांश फेरा, म्हणजे जेमतेम चिमूटभर. टॉर्क रेंच असेल तर गाडीच्या पुस्तकातला आकडा लावा. आणि ढिला प्लगही वाईटच. त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि टोक जळतं.

नंबर आणि गॅप

‘याच्यावर चालतो’ म्हणून दुकानदाराने दिलेला प्लग घेऊ नका. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये नंबर वाढला की प्लग थंड (उष्णता लवकर सोडणारा) होत जातो, बॉशमध्ये नेमका उलटा हिशोब. त्यामुळे आकडा सारखा दिसला म्हणून प्लग सारखा ठरत नाही. साध्या प्लगचा गॅप फिलर गेजने (जाडी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा, पण इरिडियमच्या बारीक टोकावर गेज दाबू नका, ते मोडतं. सीएनजीवर ठिणगीला आधीच जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून तिथे गॅप वाढलेला चालत नाही आणि प्लग-वायरही लवकर बदलाव्या लागतात.

जुने प्लग लगेच फेकू नका

काढलेत त्याच क्रमाने फळीवर मांडा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. ओला, तेलकट काळा असेल तर आत ऑइल येतंय, आणि ते दुखणं नव्या प्लगने जाणार नाही. जोडीने ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या गाडीत दोन प्लगचं मधलं टोक आणि उरलेल्या दोघांचं बाजूचं टोक जास्त झिजलेलं दिसेल. तो दोष नाही, अशा कॉइलमध्ये दोन प्लगना करंट उलट्या दिशेने मिळतो.

एवढं करूनही मिसिंग असेल तर

आधी सगळे कॅप ‘टक’ करून बसलेत का ते बघा. मग अंधारात इंजिन चालू ठेवून वायरवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा, हात आणि ओढणी-बाह्या लांब ठेवून. गळणाऱ्या जागी निळी ठिणगी दिसते. डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नका, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन कन्व्हर्टरच जाळतं.

बऱ्याच नव्या गाड्यांत वायरच नसते, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. तिथे दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावून बघा. स्कॅनरवरचा कोड पी०३०२ (दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग) वरून पी०३०३ (तिसऱ्याचं) झाला तर कॉइल गेली. कोड जागचा हलला नाही तर प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन याच क्रमाने तपासून घ्या.