जुना संगणक विंडोज ११ ला पुरेल का, हे स्वतः कसे तपासावे

विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तेव्हापासून सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानांपासून अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या कचेऱ्यांपर्यंत, आहे त्याच संगणकावर नवे विंडोज चालेल की नवा संगणक घ्यावा लागेल, हा प्रश्न अनेकांपुढे आहे. दुरुस्तीवाल्याला विचारल्यास ‘जुना झालाय, बदलून टाका’ किंवा ‘काही नाही, मारून देतो विंडोज’ यांपैकी एक उत्तर हमखास मिळते. या दोन्ही उत्तरांमागे तपासणी असतेच असे नाही. ती तपासणी घरी किंवा दुकानात बसून, एक पैसाही खर्च न करता करता येते. फक्त क्रम नीट ठेवावा लागतो. जे बदलता येत नाही ते आधी पाहावे आणि जे सहज बदलता येते ते शेवटी.

बदलता येत नाही तो प्रोसेसर, म्हणजे संगणकाची सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप. स्टार्टच्या बटणावर माउसचे उजवे बटण दाबून ‘सिस्टिम’ निवडले की प्रोसेसरचे पूर्ण नाव दिसते. अनेकजण नुसते ‘आय५ आहे’ असे सांगतात, पण आय५ या नावाखाली गेली पंधरा वर्षे वेगवेगळे प्रोसेसर विकले गेले आहेत, त्यामुळे तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. पाहायचा तो पुढचा आकडा. आय५-६५०० असे लिहिले असेल तर तो सहाव्या पिढीचा, आय३-८१०० असेल तर आठव्या आणि आय७-१०७०० असेल तर दहाव्या पिढीचा समजावा. मोजके अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आहेत. एएमडीच्या बाबतीत साधारणपणे रायझन २००० मालिकेपासून पुढे पाहावे, मात्र त्या मालिकेतलेही काही प्रोसेसर यादीत नाहीत, म्हणून पूर्ण नाव मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील यादीशी ताडून पाहणेच योग्य.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ही अट वेगाची नाही. चौथ्या पिढीचा आय७-४७९० आजही हिशेबाच्या कामाला दणदणीत चालतो आणि तरीही यादीबाहेर आहे; उलट त्याच्यापेक्षा कितीतरी संथ असलेला सेलेरॉन एन४०२० यादीत आहे. प्रोसेसरमध्ये असलेल्या सुरक्षाविषयक सोयींना यात वजन दिलेले आहे. म्हणून ‘माझा संगणक झटपट चालतो, मग का नाही?’ हा प्रश्न रास्त असला तरी त्याने निकाल बदलत नाही.

त्याच पानावर ‘सिस्टिम टाइप’ अशी ओळ असते, तीही लगेच वाचून घ्यावी. विंडोज ११ फक्त ६४ बिटचे येते. संगणक घेताना ४ जीबी रॅम किंवा त्याहून कमी असल्यामुळे कोणी ३२ बिटचे विंडोज टाकून दिले असेल, तर प्रोसेसर ६४ बिटचा असूनही सरळ अपग्रेड होत नाही. सी ड्राइव्ह पुसून नव्याने स्थापना करावी लागते. याचा फटका बसतो तो डॉसच्या काळातले हिशेबाचे प्रोग्रॅम अजून वापरणाऱ्या जुन्या पेढ्यांना. ते प्रोग्रॅम ३२ बिटच्या विंडोजवर कसेबसे चालत आलेले असतात, पण ६४ बिटवर ते उघडतच नाहीत. अशा पेढीने संगणकाआधी आपल्या प्रोग्रॅमचा विचार करावा.

प्रोसेसर यादीत बसला की पुढचा मुद्दा टीपीएमचा. संगणकाच्या गुप्त चाव्या सांभाळणारी ही सोय असून तिची २.० ही आवृत्ती आवश्यक आहे. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत टीपीएम डॉट एमएससी असे टाइप केल्यास एक खिडकी उघडते आणि तिच्या खालच्या भागात आवृत्ती लिहिलेली असते. ‘टीपीएम सापडला नाही’ असा संदेश आला की बहुतेक लोक येथेच हात टेकतात आणि दुकानदारही नवा संगणक दाखवू लागतो. वास्तविक आठव्या पिढीच्या आणि त्यापुढच्या बहुतेक संगणकांत ही सोय प्रोसेसरबरोबरच आलेली असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. विशेषतः जोडणी करून घेतलेल्या संगणकांत हे सर्रास आढळते. बायोसमध्ये इंटेलच्या बाबतीत ती पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या बाबतीत एफटीपीएम या नावाने दिसते. चालू करून, जतन करून बाहेर पडले की झाले. बायोस उघडण्यासाठी संगणक सुरू होताना डेलमध्ये एफ२, एचपीमध्ये एफ१० आणि जोडणीच्या संगणकात बहुधा डिलीट हे बटण दाबावे लागते. ड्राइव्ह बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कुलूपबंद असेल तर बायोसला हात लावण्यापूर्वी तिची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी, नाहीतर संगणक सुरू होताना तीच मागेल आणि ती नसल्यास आतली माहिती हाती लागणार नाही.

तिसरी अट सिक्युअर बूटची, म्हणजे संगणक सुरू होताना फक्त खात्रीचेच सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीची. पुन्हा विंडोज आणि आर दाबून इंग्रजीत एमएसइन्फो३२ असे टाइप करावे. येणाऱ्या यादीत ‘बायोस मोड’ समोर काय आहे ते पाहावे. यूईएफआय (संगणक सुरू करण्याची नवी पद्धत) असेल तर सिक्युअर बूट बायोसमधून चालू करता येतो. ‘लेगसी’ (जुनी पद्धत) असेल तर थांबावे आणि घाईने बायोसमध्ये बदल करू नये, कारण डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असताना नुसता मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही. आधी मांडणी जीपीटी या नव्या पद्धतीची करावी लागते. त्यासाठी विंडोज १० मध्येच एमबीआर, आकडा २, जीपीटी असे सलग नाव असलेली आज्ञा दिलेली आहे. ती आधी नुसत्या पडताळणीसाठी आणि मग प्रत्यक्ष बदलासाठी चालवता येते. डेटा न पुसता काम होते. तरीही सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय ही आज्ञा चालवू नये आणि कमांड प्रॉम्प्टची (आज्ञा टाइप करून देण्याच्या खिडकीची) सवय नसेल तर हे एवढे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

रॅम आणि जागा यांचे काम सोपे आहे. अधिकृत किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणीची आहे. माझ्या मते ४ जीबीवर विंडोज ११ चालवणे म्हणजे स्वतःला शिक्षा करून घेणे आहे. ८ जीबी असावीच. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागात रॅमचे किती खाचे भरले आहेत तेही दिसते. फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) घालावी, कारण जुना संगणक ‘नवा झाल्यासारखा’ वाटतो तो बहुतांशी या एका बदलाने.

आपल्या शहरापुरती एक गोष्ट वेगळी सांगावी लागेल. यंत्रमागाच्या शेडला लागून असलेल्या कचेरीतला संगणक उघडला तर प्रोसेसरवरच्या पंख्यात आणि त्याखालच्या धातूच्या पट्ट्यांत सुताच्या तंतूंचा आणि धुळीचा अक्षरशः नमदा बसलेला दिसतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा असा संगणक तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मालकाला वाटते यंत्र म्हातारे झाले. म्हणून संथपणावरून निकाल देण्याआधी संगणक बंद करून, वायर काढून, ब्लोअरने आणि मऊ ब्रशने तो साफ करावा. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

हे सर्व एकेक करून पाहण्याऐवजी मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन उतरवून घेता येते. कोणती अट पुरी होते आणि कोणती नाही हे ते सांगते. पण टीपीएम मुळातच नाही की नुसता बंद आहे, हा फरक त्याच्या निकालावरून कळत नाही, म्हणून वरचा क्रम माहीत असणे आवश्यक.

आणि जे कोणतेही साधन सांगत नाही ते म्हणजे भोवतालची यंत्रे. बिले छापणारा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, जॅकार्डच्या (मागावर नक्षी विणण्याच्या यंत्रणेच्या) नक्षीच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (यूएसबीला लावायची परवान्याची किल्ली), जीएसटीसाठीचे डिजिटल सहीचे टोकन, लग्नपत्रिका जुळवणाऱ्या छापखान्यातले जुन्या मराठी फॉन्टचे पॅकेज: यांतील प्रत्येकाचा ६४ बिटचा आणि विंडोज ११ वर चालणारा ड्रायव्हर (यंत्र विंडोजशी जोडणारे सॉफ्टवेअर) किंवा आवृत्ती मिळते का, हे त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावर आधी पाहावे. सोलापुरात चादरीचा धंदा करणाऱ्याला संगणक महिनाभर नसला तर एकवेळ चालेल, पण नक्षी काढणारा डोंगल ओळखला गेला नाही तर माग थांबतात.

प्रोसेसरच यादीबाहेर असेल तर काय करावे? अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या इंटरनेटवर भरपूर आहेत. घरातल्या जादा संगणकावर हौस म्हणून त्या कराव्यात. ज्यावर धंद्याचे हिशेब आहेत त्यावर करू नयेत, कारण अशा संगणकाला पुढची अद्यतने मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मुलांचा अभ्यास, ब्राउझर आणि पत्रव्यवहार एवढेच काम असेल तर विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली हा उत्तम मार्ग आहे. त्याला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबीवर ते आरामात चालते आणि स्थापना न करता पेन ड्राइव्हवरून सुरू करून वायफाय, आवाज आणि प्रिंटर चालतात का, हे आधीच पाहता येते. टॅलीवर काम असेल तर मात्र लिनक्सच्या वाटेला न गेलेले बरे.

सर्व अटी पुऱ्या झाल्या तर अपग्रेडचा दिवस विचारपूर्वक निवडावा. वीज जाण्याची शक्यता असेल तर यूपीएसशिवाय सुरुवात करू नये, आणि विवरणपत्राची तारीख तोंडावर असताना तर मुळीच नाही. सरळ अपग्रेड केल्यानंतर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधून विंडोज १० वर परत जाता येते. तेवढ्या मुदतीत एक बिल छापून, एक विवरणपत्र डिजिटल सहीने भरून आणि एक जुनी नक्षी उघडून पाहावी; त्यातले काही अडले तर मुदत संपण्याआधी मागे फिरावे.