मूव्हिंग सेलमध्ये काय काढायचं आणि काय नाही

न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्या कॉम्प्लेक्समध्ये मे महिना लागला की कुणी ना कुणी निघतंच. प्रोजेक्ट संपला, डॅलसला नोकरी लागली, नाहीतर कायमचं पुण्याला परत. आणि रात्री अकराला मला फोन, "ताई, एवढं सगळं सामान विकायचं कसं?" परवा खालच्या मजल्यावरचं जोडपं असंच अडकलं, लीज ३१ ला संपणार आणि हे २६ ला यादी करायला बसले. म्हणून सविस्तर लिहितेय. आम्ही अठरा वर्षांत चार घरं बदलली, त्यात न्यू जर्सी ते टेक्सस आणि परत हेही आलं.

आधी कुठे जाताय ते बघा, यादी त्यावरून ठरते. दुसऱ्या राज्यात मूव्हर, म्हणजे सामान हलवणारा, लावून जाणार असाल तर तो वजनावर पैसे लावतो, त्यामुळे प्रत्येक वस्तूला विचारायचं, ही न्यायला जास्त लागतील की तिकडे नवीन घ्यायला? भुशाच्या फळ्यांचं जोडायचं फर्निचर सरळ विका, आणि जोडलेलंच विका. ते एकदा उघडलं की स्क्रूची भोकं सैल होतात, परत जोडलं तर बुकशेल्फ डुलतं. आम्ही पहिल्या वेळी असली तीन कपाटं टेक्ससला नेली आणि दोन तिथल्या कचऱ्यात टाकली. अस्सल लाकडाचं टेबल असेल तर न्या. पुस्तकं जड असतात पण विकून काही मिळत नाही, ती पोस्टाच्या मीडिया मेलने पाठवा, खूप स्वस्त पडतं.

टीव्हीबद्दल एक गोष्ट इथे पाच-सहा वर्षं राहिलेल्यांनाही माहीत नसते. मूव्हरच्या कागदावर फुकटच्या विम्यासारखा जो पर्याय असतो त्यावर सही केली तर वस्तू फुटल्यावर भरपाई वजनाच्या पाउंडामागे फक्त ६० सेंट. म्हणजे ४० पाउंडाचा टीव्ही फुटला तर हातात २४ डॉलर. म्हणून हलकी पण महाग वस्तू एकतर स्वतःच्या गाडीतून न्या नाहीतर विका.

भारतात परत जाणाऱ्यांनी मागचं स्टिकर वाचल्याशिवाय एकही विजेची वस्तू खोक्यात टाकू नये. इथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, तिकडे २३० आणि ५०. स्टिकरवर "१००-२४०" लिहिलं असेल तर न्यायला हरकत नाही, लॅपटॉप-फोनचे चार्जर बहुतेक तसेच असतात. नुसतं १२० असेल तर सेलमध्ये. मायक्रोवेव्ह, इन्स्टंट पॉट, व्हॅक्यूम, हेअर ड्रायर सगळं इथेच सोडा. कन्व्हर्टर लावू म्हणणारे खूप भेटतात, तो जड कन्व्हर्टर नंतर माळ्यावर पडतो. इथल्या व्होल्टेजचा देशी मिक्सर मात्र सेलमध्ये सगळ्यात आधी जातो, त्याची किंमत उगाच पाडू नका. आणि भारतातून आणलेला २३० वाला मिक्सर न सांगता नवीन आलेल्या पोरांच्या गळ्यात मारू नका. हे मी पाहिलंय, आपल्याच माणसांनी केलेलं, आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही.

लहान मुलांच्या सामानाबाबत मी फार कडक आहे. कार सीटच्या प्लास्टिकवर एक्स्पायरी छापलेली असते, ती उलटली असेल किंवा सीट अपघातात सापडली असेल तर विकायची नाही, फुकटही द्यायची नाही, पट्टे कापून टाकून द्यायची. बाजू खाली सरकणारे जुने क्रिब (बाळाचे कठड्याचे पलंग) इथे जून २०११ पासून विकायलाच बंदी आहे. रिकॉल झालेली, म्हणजे धोका आढळल्याने कंपनीने परत मागवलेली, वस्तू विकणंही बेकायदा आहे, मॉडेल नंबर टाकून दोन मिनिटांत तपासता येतं.

गाद्या कुणी घेत नाही, ढेकणांची भीती असते आणि ती बरोबरच आहे. तुम्हीही घेऊ नका. टाउनशिपच्या मोठ्या कचऱ्याची तारीख आधीच विचारून ठेवा, कारण गादी घरात सोडली तर डिपॉझिटमधून पैसे जातात. जुना टीव्ही किंवा कॉम्प्युटर न्यू जर्सीत २०११ पासून साध्या कचऱ्यात टाकता येत नाही, तो दहा डॉलरला का होईना विका, नाहीतर ई-वेस्ट केंद्रावर नेऊन द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ड्रॉवर असलेली कुठलीही वस्तू विकताना ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. नुसता उघडून बघू नका, बाहेर काढा. आम्ही दोन ड्रॉवरचं फाइल कॅबिनेट १५ डॉलरला विकलं, घाईत, मूव्हर दारात उभा होता. एक पातळ फाइल ड्रॉवरच्या मागे घसरून पडली होती, त्यात आमचं लग्नाचं सर्टिफिकेट आणि नवऱ्याच्या सगळ्या मार्कशीट. तीन महिन्यांनी ग्रीन कार्डच्या कागदांसाठी वकिलाने मागितल्या तेव्हा कळलं. घेणारा माणूस रोख देऊन गेलेला, त्याचा नंबर नाही, नाव नाही. मग माझ्या दिराने कोल्हापूर आणि पुण्याला किती खेपा घातल्या, रजा किती गेल्या, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. म्हणून सेलची यादी करायच्याही आधी पासपोर्ट, आय-७९७ (इमिग्रेशन खात्याची नोटीस), सर्टिफिकेटं, मुलांचे लसीकरणाचे कागद, दागिने एका बॅगेत भरा आणि ती बॅग मित्राच्या घरी ठेवा. आणि घेणाऱ्याचा नंबर लिहून ठेवा, पंधरा डॉलरची वस्तू असली तरी.

किंमत विकत घेतलेल्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास लावली तर माल हलतो. इथले अमेरिकन लोक ठरल्या वेळी येतात, ठरलेलं देतात. आपले लोक फोनवर ८० ठरवून दारात ५० म्हणतात, तेव्हा त्यांच्यानंतर घ्यायला तयार असलेला माणूस कोण आहे ते आधीच माहीत असू द्या आणि शांतपणे नाही म्हणा. जास्त रकमेचा बँकेचा चेक पाठवून "उरलेले परत करा" म्हणणारा शंभर टक्के फसवा, तो चेक आठवड्याने बाउन्स होतो आणि तुम्ही पाठवलेले पैसे गेलेले असतात.

पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र, विळी विकायला काढू नका. दोन-तीन डॉलर येतात आणि डॅलसला पहिल्या होळीला मी पुरण चाळणीवर घासत बसले होते.

सोफा-टेबल महिनाभर आधी विकायला टाका, पण नेण्याची तारीख शेवटच्या शनिवारची द्या आणि थोडे पैसे आगाऊ घ्या. हवेची गादी, एक कुकर, दोन ताटं शेवटपर्यंत ठेवा. आणि राउटर-मोडेम इंटरनेट कंपनीचं भाड्याचं असेल तर ते यादीत टाकू नका, त्यांच्या दुकानात परत करा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा.