बाँड ऑर्डर काढायची तर आधी इलेक्ट्रॉन मोजा

चोपडा, शहादा, साक्रीकडची मराठी माध्यमाची पोरं अकरावी सायन्सला आली की पुस्तक एकदम इंग्रजीत होतं, आणि बाँड ऑर्डरची (दोन अणूंमध्ये किती बंध, त्या आकड्याची) अख्खी यादी पाठ करायला घेतात. ती यादी बाजूला ठेवा. मोजता आलं की पुरे.

रेणूतले एकूण इलेक्ट्रॉन मोजा. नायट्रोजनचे ७ आणि ७, म्हणजे १४. ऋण भार असेल तर तेवढे मिळवा, धन असेल तर वजा करा. बहुतेक चुका इथेच: ओ-टू प्लसचे (एक इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजनचा रेणू) १७ धरतात, असतात १५.

आता ऑर्बिटल (इलेक्ट्रॉनच्या जागा, प्रत्येकीत दोन) कमी ऊर्जेकडून वर भरा: वन-एसचा सिग्मा आणि त्याचा सिग्मा-स्टार, मग टू-एसचे तसेच दोन, मग टू-पी. टू-पीमध्ये नायट्रोजनपर्यंत पाय (π) आधी आणि सिग्मा नंतर. ऑक्सिजन, फ्लोरिनला उलट. दोन्ही पाय सारख्या ऊर्जेचे, म्हणून आधी एकेक इलेक्ट्रॉन, मग जोडी. पाय-स्टारलाही हेच. शेवटी बाँडिंगमधून (बंध जोडणारे, स्टार नसलेले) अँटीबाँडिंग (बंध कमजोर करणारे, स्टारवाले) वजा करा, २ने भागा. ऑक्सिजनला १० वजा ६, म्हणजे २.

पाय-सिग्माचा क्रम चुकला तरी बाँड ऑर्डर तीच येते, म्हणून चूक लपून राहते. फसतं ते चुंबकत्वात: बोरॉनचा रेणू पॅरामॅग्नेटिक (एकटे इलेक्ट्रॉन असलेला) आहे, उलट्या क्रमाने तो डायमॅग्नेटिक (सगळे जोडीत) दिसतो.

सीईटीत वेळ नसेल तर १४ला ३ धरा. तिथून ८पर्यंत खाली किंवा २०पर्यंत वर, दर इलेक्ट्रॉनला अर्धा कमी. ओ-टू प्लस २.५, ओ-टू २, पेरॉक्साइड (ओ-टूवर दोन ऋण भार) १. ऑर्डर घटली की बंध लांबतो: याच क्रमाने अंदाजे ११२, १२१, १४९ पिकोमीटर.

एन-टू प्लस आणि एन-टू मायनस दोघांनाही २.५ येतं. अशा वेळी अँटीबाँडिंगमधले इलेक्ट्रॉन बघा: ४ आणि ५. ज्यात कमी, तो बंध बळकट, म्हणून प्लस. पण हायड्रोजन आणि फ्लोरिन अशी तुलना करू नका. दोघांची ऑर्डर १, तरी बंध तोडायला हायड्रोजनला ४३६ आणि फ्लोरिनला सुमारे १५८ किलोज्यूल प्रति मोल लागतात.

कार्बन मोनॉक्साइडला १४ची युक्ती लागू पडते, त्याच्या धन आयनाला नाही. हिशोबाने २.५ येतं, म्हणजे बंध लांबायला हवा; प्रत्यक्षात तो ११२.८वरून १११.५ पिकोमीटर होतो. निघून गेलेला इलेक्ट्रॉन मुख्यतः कार्बनवरच्या एकाकी (बंधात न वापरलेल्या) जोडीतला, किंचित अँटीबाँडिंग स्वभावाचा असतो.