गोव्यातली बेटं गाडीने बघताय? या चुका टाळा

जुने गोव्याची चर्चेस बघून झाली की बरेच जण म्हणतात, "समोर दिवाडी दिसतेच आहे, तासाभरात उरकू." गाडी व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्याकडे वळते आणि दिवसाचं गणित तिथेच फिसकटतं. दिवाडी बेटाला पूल नाही. मांडवी नदी ओलांडायला काही मिनिटं लागतात, पण फेरीबोटीत गाड्या मोजक्याच मावतात. शनिवार-रविवारी दोन-तीन फेऱ्या सोडून द्याव्या लागल्या तर नवल नाही. त्यामुळे किलोमीटर मोजू नका, फेऱ्या मोजा. दिवाडी, चोडण, जुवें आणि कोर्जुवें एका दिवसात कोंबायचा बेत तर सोडूनच द्या. सकाळी लवकर निघा, पेट्रोल अलीकडेच भरा, आणि उतरल्यावर पहिली चौकशी परतीच्या शेवटच्या फेरीची करा. ती चुकली तर मुक्काम ठरलेला.

बाहेरच्यांची खरी फजिती होते ती धक्क्यावर. मांडवीला भरती-ओहोटी असते हे गाडी चालवणाऱ्याच्या लक्षातच नसतं. ओहोटीला बोट खाली जाते, धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन पडतो आणि बुटक्या गाडीचा बंपर खरडतो. माणसं आधी खाली उतरवा, पहिल्या गिअरमध्ये अगदी सावकाश घ्या आणि बोटीवरचा कर्मचारी हात करील तसंच वळवा. तो रिव्हर्समध्ये चढवायला सांगेल, तर वाद न घालता तसं करा, कारण उतरताना कोण कुठून निघणार हे त्याला ठाऊक असतं. खालच्या ओल्या काँक्रीटवर शेवाळ असतं, म्हणून रांगेत थांबताना उतारावर न जाता वर सपाटीवरच थांबा. बोटीत इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये.

या ओहोटीनेच इथे इतिहास घडवलाय. 24 नोव्हेंबर 1683 च्या रात्री संभाजीराजांच्या फौजेने ओहोटी साधून जुवें बेटावरचा, म्हणजे सांत इस्तेवचा, किल्ला घेतला. तो परत मिळवायला आलेला पोर्तुगीज व्हाइसरॉय मार खाऊन, जखमी होऊन परतला.

नकाशाच्या अॅपवर डोळे मिटून विसंबू नका. फेरीचा मार्ग त्यात पुष्कळदा साध्या रस्त्यासारखा दिसतो आणि अंधारात तो तुम्हाला सरळ पाण्याच्या तोंडाशी नेतो. सेटिंगमध्ये 'फेरी टाळा' करून दोन्ही मार्ग आधीच बघून ठेवा. दुसरी गंमत म्हणजे नार्वे दोन आहेत: एक दिवाडीवर, दुसरं नदीपलीकडे डिचोली तालुक्यात. सप्तकोटेश्वराचं आजचं देऊळ डिचोलीच्या नार्व्यात आहे. दिवाडीच्या नार्व्यात जाऊन "देऊळ कुठंय?" विचारणारे रोज भेटतात. तिथून पलीकडे जायला फेरी आहे. ती बंद असेल तर जुने गोव्याला परत येऊन बाणस्तारी, माशेल, आमोण्याचा पूल असा वळसा घ्या. अंतर वाढतं, पण वाट चुकीची नाही. खरं तर मला हीच जास्त आवडते.

कारण सगळ्यात मोठी चूक म्हणजे या बेटांचा इतिहास बेटावरच शोधणं. तो अर्धा नदीपलीकडे आहे. गोव्याच्या कदंब राजांचं दैवत सप्तकोटेश्वर मुळात दिवाडीच्या नार्व्याचा. बहमनी आक्रमणात देऊळ पडलं, विजयनगरच्या काळात माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारलं, 1560 मध्ये पोर्तुगिजांनी पाडलं. लिंग नदीपार नेलं गेलं आणि पलीकडच्या नव्या नार्व्यात त्याची स्थापना झाली. या देवळाचा जीर्णोद्धार 1668 मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सुरू झाला. दारावरचा शिलालेख छोटा आहे, पण शके 1590 आणि 'श्री शिवराज्ञा' हे शब्द त्यात आहेत. फोटो काढून लगेच वळू नका, दोन मिनिटं मान वर करून तो वाचा.

वळशाच्या वाटेवरही हीच गोष्ट दिसते. माशेलचा देवकीकृष्ण मूळचा चोडणचा, खांडोळ्याचा महागणपती मूळचा दिवाडीचा. दिवाडीवर पिएदाद गावच्या टेकडीवरचं चर्च सगळे बघतात, पण शेजारच्या दफनभूमीतलं छोटं चॅपल राहून जातं. जुन्या देवळाच्या दगडी कामाच्या खुणा तिथे आहेत. चर्च दुपारी बहुधा बंद असतं, तेव्हा सकाळी जा. अंत्यविधी चालू असेल तर दफनभूमीत शिरू नका, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

बेटांवरचे रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना खाजन शेती, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं. समोरून बस आली की आपण सौजन्याने डावीकडे घेतो आणि चाक बांधाच्या मऊ मातीत रुततं. अशा वेळी जोरात रेस दिली की चाक आणखी खोल जातं. गाडी हलकी करा, चाकाखाली फळी किंवा दगड सरकवा आणि आलात तसेच हळूहळू मागे या. मुळात रुंद जागा दिसली की तिथेच थांबून समोरच्याला जाऊ द्यावं. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी पिएदादला बोंदेरां असतो, गावच्या सीमांच्या झेंड्यांवरून सुरू झालेला उत्सव. त्या दिवशी गाडी अलीकडेच ठेवा आणि फेरीने पायी जा.

कोर्जुव्याला ही कटकट नाही, हळदोण्याहून पूल आहे. 1705 चा जांभ्या दगडाचा किल्ला लहानसाच आहे. सावली नाही, त्यामुळे भर दुपारी जाऊन "काहीच नाही इथे" म्हणू नका. पुरुषवेशात सैन्यात शिरलेली उर्सुला या पोर्तुगीज स्त्रीची कहाणी या किल्ल्याशी जोडलेली आहे. ती आधी वाचून गेलात तर बुरूज बोलका वाटतो.

आणि गाडी भाड्याची असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं आहेत ना, ते चावी हातात घेण्याआधी बघा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात देणारे भेटतात, पण पोलिसांनी अडवलं की दंड आणि गेलेला अर्धा दिवस तुमच्या वाट्याला येतो.