रहस्य-कार्टूनवरून सिनेमा काढताय? या चुका टाळा

बावीस मिनिटांचं रहस्य-कार्टून नव्वद मिनिटांच्या सिनेमात नेताना बहुतेक संहिता एकाच जागी अडकतात. भूत मोठं होत जातं आणि कोडं लहान होत जातं. नाशिकमध्ये हा मोह जास्तच होतो. पंचवटीतले जुने वाडे, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा, गंगापूर धरणावरचं हिवाळी धुकं हे सगळं हाताशी असतं. मग जागा आधी ठरते, भूत त्यानंतर, आणि गुन्हेगार कोण ते शूटिंगच्या आठवडाभर आधी. हा क्रम उलटा हवा. गुन्हेगार आणि त्याचा हेतू आधी, मग त्याला कोणतं भूत परवडेल ते, आणि जागा सर्वांत शेवटी.

पाठलाग ताणून वेळ भरणं

या प्रकारातली सर्वांत गाजलेली मालिका 'स्कूबी-डू, व्हेअर आर यू!', म्हणजे भुतांचा छडा लावणारी चार तरुणांची टोळी आणि त्यांचा ग्रेट डेन कुत्रा स्कूबी. ती १३ सप्टेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर सुरू झाली. निर्मिती हॅना-बार्बेराची, कल्पना जो रुबी आणि केन स्पिअर्स यांची, पात्रांची रेखाटनं इवाओ ताकामोतो यांची. मूळ मालिकेचे भाग फक्त २५, पण साचा पक्का होता: टोळी कुठेतरी पोचते, भूत दिसतं, सगळे दोन गटांत विभागतात, पुरावे मिळतात, पाठलाग होतो, सापळा लागतो आणि मुखवटा उतरतो. बावीस मिनिटांत हे चपखल बसतं, कारण एका टप्प्याला तीन-चार मिनिटंच मिळतात.

हाच साचा नव्वद मिनिटांवर ताणला की पाठलाग वीस मिनिटांचा होतो आणि चाळिसाव्या मिनिटाला पोरं खुर्चीत चुळबुळायला लागतात. ताणण्यापेक्षा कोडंच दुहेरी करा. 'भूत कोण' हा प्रश्न पहिल्या तासात सुटू द्या, पण त्या उत्तराने 'मग हे घडलं का' हा दुसरा प्रश्न उभा राहायला हवा. संहितेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. त्या हिशोबाने भूत आठव्या ते दहाव्या पानापर्यंत दिसावं, पहिला मुखवटा साठाव्या पानाच्या आसपास उतरावा आणि तो माणूस चुकीचा किंवा नुसता हस्तक निघावा. खरा मुखवटा ७८ ते ८० व्या पानावर.

संशयितही वाढवावे लागतात. मालिकेत दोन-तीन पुरतात, सिनेमाला पाच लागतात. प्रत्येकाकडे लपवण्यासारखं काहीतरी हवं, आणि ते मुख्य गुन्ह्याशी जोडलेलं नको. एखादा खोटं बोलतो कारण त्याने सोसायटीचं कर्ज घरच्यांपासून लपवलंय. प्रेक्षकाला तो गुन्हेगार वाटतो आणि त्याचं गुपित उघडं पडलं की कथा पुढे सरकते. रिकामे संशयित, म्हणजे फक्त खुनशी नजरेने बघणारे, तिसऱ्या प्रसंगातच ओळखू येतात.

पुरावा कॅमेऱ्याला दिसतो, पण प्रेक्षकाला कळत नाही

रहस्यपटात सर्वांत जास्त मेहनत इथे लागते आणि सर्वांत जास्त आळसही इथेच होतो. पुरावा प्रामाणिक तेव्हाच, जेव्हा उलगड्याच्या आधी प्रेक्षकाला त्याचा अर्थ लावता येईल एवढी माहिती मिळालेली असते. एक काल्पनिक कथानक घेऊन पाहू.

दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग, महिना जानेवारी. रात्री बागेत हिरव्या ज्वाळा दिसतात, मजूर पळून जातात, काढणी रखडते. आता बागेतला खरा कारभार बघा. कडाक्याच्या थंडीत घडांना इजा होऊ नये म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्यामुळे रात्री आग दिसणं हेच मुळात संशयास्पद नाही, आणि टोळीचा पहिला तर्क इथेच चुकायला हवा. ज्वाळा हिरवी का, एवढाच प्रश्न उरतो. तांब्याच्या क्षारांनी ज्वाळेला हिरवा रंग येतो आणि मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. बोर्डो मिश्रणासाठी, म्हणजे द्राक्षांवरच्या बुरशीनाशक फवाऱ्यासाठी, मोरचूद बागायतदाराच्या शेडमध्ये सापडतोच. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना.

पण जानेवारीत मण्यांत पाणी उतरल्यावर, म्हणजे द्राक्षं पिकू लागल्यावर, बोर्डो कुणी फवारत नाही. घडांवर निळे डाग पडले तर माल व्यापारी घेणार नाही. म्हणजे त्या महिन्यात ज्याच्या बाहीवर ताजा निळा डाग आहे, त्याने मोरचूद दुसऱ्याच कामाला वापरलाय. नाशिकच्या शेतकरी कुटुंबातलं पोर हे लगेच पकडेल, कोल्हापूर-सोलापूरचं पकडणार नाही. म्हणून पंधराव्या मिनिटाच्या आत आजोबांच्या तोंडी साधं वाक्य द्या: "आता कुठली रे बोर्डोची फवारणी? डाग पडले तर माल कोण घेईल?" ते वाक्य दुसऱ्याच भांडणाच्या ओघात यावं. बाहीवरचा डाग तिसाव्या मिनिटाला, तो माणूस चहाचा कप पुढे करताना, दोन सेकंद दिसावा. क्लोज-अप आणि वर संगीताचा ठोका दिलात तर कोडं तिथेच संपलं. उलगड्यात आजोबांचं वाक्य आणि तो चहाचा कप दोन्ही परत दाखवा.

प्रत्येक मुख्य पुराव्याला असे तीन टप्पे द्या: माहिती, दर्शन, उलगडा. मुख्य पुरावे तीनच ठेवा. सात-आठ पुरावे पेरले की उलगड्याचा प्रसंग सात मिनिटांचं भाषण होतो आणि स्कूबीच्या टोळीतल्या वेल्मासारखं हुशार पात्रसुद्धा कंटाळवाणं वाटतं.

शूटिंगच्या वेळी मोरचूद खरोखर आगीत टाकू नका, धूर विषारी असतो. साध्या शेकोटीच्या कडेला हिरवा एलईडी लपवा आणि ज्वाळेचा रंग नंतर ग्रेडिंगमध्ये बदला.

कथा पावसाळ्यात पंचवटीत घडत असेल तर गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती, म्हणजे नदीपात्रातली मारुतीची मूर्ती, आयताच साक्षीदार आहे. गोदावरीचा पूर किती चढला हे नाशिककर त्याच्यावरूनच सांगतात. संशयित म्हणतो, "त्या रात्री मी घाटावरच्या रामकुंडाकडून चालत आलो." आणि त्याच रात्री पाणी मारुतीच्या छातीपर्यंत असतं. जबाब जागच्या जागी खोटा पडतो. इथेही तोच नियम लागतो, मारुतीचं मोजमाप बाहेरच्या प्रेक्षकाला आधी कळायला हवं.

भूत खरं करून टाकणं

मूळ मालिकेचा करार एका ओळीचा होता, भुताच्या आड माणूस असतो आणि त्याला जमीन, पैसा किंवा वारसा हवा असतो. सिनेमा मोठा व्हावा म्हणून हा करार मोडला जातो. कधी कधी ते जमतंही. १९९८चा 'स्कूबी-डू ऑन झॉम्बी आयलंड' थेट व्हिडिओवर आला आणि त्यात राक्षस खरे होते. पण सुरुवातीलाच दाखवलं होतं की मुखवट्यातल्या माणसांना कंटाळून टोळी पांगलीय आणि त्यातली डॅफ्नी आता खऱ्या भुताच्या शोधात आहे. करार मोडणं हीच तिथे कथा होती. २००२च्या 'स्कूबी-डू' चित्रपटात मात्र प्राचीन राक्षस, आत्म्यांची अदलाबदल आणि मुखवट्यामागचा खलनायक असं सगळं एकावर एक रचलं गेलं. खरा राक्षस असताना पुराव्यांना किंमत उरत नाही, कारण जादूने काहीही घडू शकतं.

अलौकिक गोष्ट हवीच असेल तर एकच ठेवा, तिच्या मर्यादा पहिल्या एक-तृतीयांश भागातच सांगा आणि गुन्हा माणसाकडेच राहू द्या. भूतबाधा, करणी, अंगात येणं असले विषय कार्टूनच्या सहजतेने वापरू नका. आपल्याकडे यावर माणसांचे जीव गेलेत आणि २०१३पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे. मुखवटा उतरवणारी कथा इथे विशेष मोलाची वाटते ती याचमुळे.

खलनायक म्हणून जुनं पात्र काढणं

२००२च्या चित्रपटात शेवटी मुखवट्यामागून स्क्रॅपी-डू निघतो. १९७९मध्ये मालिकेत आलेलं हे पिल्लू अनेक चाहत्यांना आवडत नसे, म्हणून ही निवड त्यांना सुखावते. ज्याला स्क्रॅपी माहीत नाही, त्याच्यासाठी मात्र हे कुणीही नसलेलं पात्र आहे. मध्येच एक आठवण दाखवून त्याची ओळख करून दिलीय, पण संशयितांच्या रांगेत तो उभाच नव्हता. गुन्हेगार पहिल्या अर्ध्या तासात, स्वतःच्या चेहऱ्याने, निदान दोन प्रसंगांत दिसलाच पाहिजे.

२००४च्या दुसऱ्या भागातली मूळ कल्पना यापेक्षा चांगली होती. जुन्या खलनायकांचे पोशाख संग्रहालयात मांडलेले असतात आणि ते जिवंत होतात. नव्या प्रेक्षकाला 'हे जुने पोशाख आहेत' एवढंच कळलं तरी पुरतं. २०२०च्या 'स्कूब!'मध्ये हॅना-बार्बेराची इतर पात्रंही आणली गेली, ब्लू फाल्कन, डायनोमट, डिक डास्टर्डली. त्या गर्दीत शोध घेणं हे टोळीचं काम उरलंच नाही.

कोण काय करतं, तेच बदलणं

१९८३च्या 'इन्स्पेक्टर गॅजेट' मालिकेत इन्स्पेक्टर वेंधळा आहे. केस सोडवते त्याची भाची पेनी, तिच्या कुत्र्याच्या मदतीने. खलनायक डॉक्टर क्लॉचा चेहरा कधी दिसत नाही, दिसतो तो फक्त पंजा. १९९९च्या चित्रपटात गॅजेट बराच कर्तबगार झाला आणि क्लॉचा चेहराही उघडा दिसला. मालिकेचे दोन खांब एकदम काढले गेले.

लिहायला बसण्याआधी कागदावर दोन रकाने आखा. एकात 'बदलता येईल' (वय, शहर, कपडे, फोन), दुसऱ्यात 'बदलायचं नाही' (कोण शोधतं, कोण घाबरतं, कोण चुकीचा तर्क लढवतं, काय कधीच दाखवायचं नाही). दुसऱ्या रकान्यात चार-पाच नोंदी पुरतात. 'डिटेक्टिव्ह कोनान' या जपानी रहस्य-कार्टूनची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. १९९७पासून जवळजवळ दरवर्षी एक चित्रपट येतो, सुरुवातीच्या काही मिनिटांत नायक लहान मुलगा कसा झाला ते नव्या प्रेक्षकाला सांगितलं जातं आणि मग स्वतंत्र गुन्हा सुरू होतो.

कुत्रा

लाइव्ह-अ‍ॅक्शन, म्हणजे खऱ्या कलाकारांचा सिनेमा, करणार असाल तर निम्मी डोकेदुखी इथे आहे. ग्रेट डेन खांद्यापर्यंत साधारण ८० सेंमी उंच असतो. त्या मापाचा फोमचा पुतळा करा, डोळ्यांच्या जागी रंगीत टेप लावा आणि प्रत्येक शॉट तीनदा घ्या: पुतळ्यासह, रिकामा, आणि राखाडी व चकचकीत गोळा ठेवून. तिसऱ्यावरून संगणकातल्या कुत्र्यावर प्रकाश कसा टाकायचा ते कळतं. रिकामा शॉट घ्यायचा राहिला तर पुतळा पुसायला प्रत्येक फ्रेम हाताने रंगवावी लागते.

कलाकाराची नजर चुकली की सगळा आभास जातो. शॉटआधी पुतळा हलवला तर टेपची उंची पुन्हा मोजा. पट्टा ओढला जातोय असं दाखवायचं असेल तर चौकटीबाहेरून खरा माणूस दोरी ओढू दे, अभिनयाने ताण येत नाही. वाड्यातल्या घोटलेल्या शहाबादी फरशीवर प्रतिबिंब पडतं. ते संगणकात घालायला विसरलात तर कुत्रा हवेत तरंगतो.

टीव्हीच्या कार्टूनमध्ये एक चित्र बहुधा दोन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला बाराच चित्रं. खऱ्या माणसाशेजारी अशी हालचाल अडखळल्यासारखी दिसते. तिथे चोवीसच्या चोवीस फ्रेम हव्यात आणि कॅमेऱ्याच्या शटरला जुळणारी धूसरता हवी, २४ फ्रेमला साधारण १/४८ सेकंद. खरा कुत्रा वापरणार असाल तर शूटिंगआधी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी काढा. ती नसेल तर सेन्सॉरकडे अडाल.

परवानग्या आणि वय

जुनं पात्र 'सगळ्यांचं' झालेलं नसतं. रूपांतराचा हक्क मालकाकडेच असतो, स्कूबीच्या बाबतीत वॉर्नर ब्रदर्सकडे. लेखी परवाना नसेल तर स्वतःची पात्रं बनवा, साचा कुणाच्या मालकीचा नाही. नाशिकची पांडवलेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, तिथे कॅमेरा लावण्याआधी त्यांची परवानगी लागते. जुन्या नाशकातल्या गल्ल्यांत मोठी व्हॅन वळत नाही, त्यामुळे टोळीची गाडी घाटाजवळच दाखवा.

संहिता सुरू करतानाच सेन्सॉरचं कोणतं वयाचं प्रमाणपत्र हवं, यूए ७+ की यूए १३+, ते ठरवा. मोठ्यांसाठी लिहिलेले विनोद एडिटिंगमध्ये कापून सिनेमा मुलांचा होत नाही, मधल्या फटी दिसतात.

चाचणी प्रयोगात काय बघायचं

कच्चा कट दहा-बारा जणांना दाखवा, त्यात निम्मी ८ ते १२ वर्षांची मुलं हवीत. साठाव्या मिनिटाला थांबवा आणि प्रत्येकाला गुन्हेगाराचं नाव चिठ्ठीवर लिहायला सांगा. बोलू देऊ नका. तीन-चार चिठ्ठ्या बरोबर असतील तर कोडं जमलंय. आठ-नऊ बरोबर आल्या तर बहुतेक वेळा दोष कलाकाराचा किंवा संगीताचा असतो. आधी गुन्हेगाराच्या प्रसंगांवरचं पार्श्वसंगीत काढून पाहा, नंतर क्लोज-अप कमी करा. एकही बरोबर नसेल तर शेवटपर्यंत दाखवून विचारा, "कुठे कळायला हवं होतं?" कुणालाच जागा सांगता आली नाही तर माहितीचा टप्पा गळलाय. आजोबांचं ते वाक्य बहुधा एडिटिंगमध्ये उडालेलं असतं. ते परत घाला, किंवा दुसऱ्या पात्राच्या पाठमोऱ्या शॉटवर डबिंगमध्ये टाका. त्यासाठी पुन्हा शूटिंग करावं लागत नाही.