मुंबईच्या हवेतील लाकूडधूर कसा ओळखावा

हवेतील पीएम २.५ (२.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान) कणांचे एकूण प्रमाण कळले, तरी ते कण वाहनांतून आले, बेकरीच्या लाकूड जाळणाऱ्या भट्टीतून आले की पेटवलेल्या कचऱ्यातून, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी कणांची रासायनिक तपासणीच करावी लागते.

एकाच वेळी दोन फिल्टरांवर नमुना घ्यावा: मूलद्रव्यांसाठी टेफ्लॉनचा आणि कार्बन व सेंद्रिय संयुगांसाठी आधी भट्टीत तापवून घेतलेला क्वार्ट्झचा. हिवाळ्यात दुपारी समुद्रावरून आणि रात्री जमिनीकडून वारा वाहतो, म्हणून दिवसाचे व रात्रीचे नमुने वेगळे ठेवावेत.

पाण्यात विरघळणारे पोटॅशियम ही लाकूडधुराची जुनी खूण आहे. मुंबईत मात्र केवळ तिच्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. समुद्री मिठातही पोटॅशियम असते, त्यामुळे सागरी सोडियमच्या वजनाला ०.०३७ ने गुणून येणारा भाग एकूण पोटॅशियममधून वजा करावा. दिवाळीत फटाक्यांच्या दारूतील सोऱ्यामुळे (पोटॅशियम नायट्रेटमुळे) वाढणारे पोटॅशियम या वजाबाकीने जात नाही. ते दिवस सरळ वगळावेत.

अधिक भरवशाची खूण म्हणजे लेव्होग्लुकोसान हे शर्करेसारखे सेंद्रिय संयुग. लाकडाचा मुख्य घटक असलेले सेल्युलोज सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापून विघटित होताना ते तयार होते आणि डिझेल-पेट्रोलच्या धुरात ते आढळत नाही. तरीही कागद-पुठ्ठ्यातही सेल्युलोज असल्याने कचऱ्याच्या धुरात ते सापडतेच. देवनारसारख्या कचराभूमीवरून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला नमुना घेतला असेल, तर प्लास्टिक जळाल्याची खूण असलेले १,३,५-ट्रायफिनाइलबेंझिनही मोजावे. शिवाय लेव्होग्लुकोसान हवेत हळूहळू नष्ट होते, म्हणून दुरून आलेला धूर त्याच्या मोजणीत कमी दिसतो.

तासातासाचे चित्र हवे असेल, तर एथॅलोमीटर, म्हणजे कण किती प्रकाश शोषतात ते सतत मोजणारे उपकरण, वापरावा. लाकूडधुरातील तपकिरी कार्बन, म्हणजे प्रकाश शोषणारी सेंद्रिय द्रव्ये, ८८० नॅनोमीटरपेक्षा ३७० नॅनोमीटरचा प्रकाश जास्त शोषतो. दोन्ही मापांवरून काढलेला अँगस्ट्रॉम घातांक (तरंगलांबी कमी होताना शोषण किती वेगाने वाढते ते सांगणारा आकडा) वाहनांच्या धुरासाठी १ च्या आसपास येतो, तर लाकडासाठी तो २ कडे झुकतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आकडा या दोहोंच्या मधलाच मिळतो आणि त्याची वाटणी गृहीतकांवर अवलंबून राहते, त्यामुळे फिल्टरवरील लेव्होग्लुकोसानशी त्याचा मेळ घालावा. उपकरण नीट चालते आहे का, हे पाहायला होळीची रात्र उत्तम: जवळपास होळ्या पेटलेल्या असूनही घातांक हलला नाही, तर आधी उपकरण तपासावे.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली होती. आपल्या भागातील बेकरी बदलली असल्यास बदलापूर्वीचे आणि नंतरचे नमुने त्याच जागी, त्याच ऋतूत घेतलेले असले, तरच त्यांची तुलना करावी.